पुन्हा मिळालेली थाळी

अव्वा,

तू गेलीस तेव्हा तुझे जे वय होते त्याच्या पलीकडे मी केव्हाच आलो आहे. तुला मराठी बोलता येत होते, वाचता येत नव्हते. कन्नड अक्षरे तेवढी तू बोट ठेवून लावीत होतीस. तरीही हे मी मराठीत लिहितो आहे. ज्या भाषेत मी हुमनाबादच्या शाळेत जन्मभर मुलांच्या चुका काढल्या, त्या भाषेत एकदा स्वतःची चूकही नीट मांडून पाहावी, असे मनात आले. गोष्ट मोठी नाही. दसऱ्यानंतर कलबुर्गीबाहेरच्या एका मैदानावर ज्येष्ठांची नेमबाजीची स्पर्धा झाली, तीत मला तिसऱ्या क्रमांकाचे पदक मिळाले. ज्या एका थाळीच्या बळावर ते मिळाले, ती थाळी मी चुकलो होतो. घरात हे कोणालाच ठाऊक नाही. सुनेने शेजारी पेढे वाटले, आणि मी त्यातला एक खाल्लाही.

थाळी म्हणजे काय हे तुला सांगावे लागणार नाही, कारण माझ्यासाठी पहिली थाळी आभाळात तूच उडवलीस. दुबलगुंडीच्या घरात बंदूक आली ती रानडुकरांमुळे. तुरीत आणि भुईमुगात कळप शिरत, सरीच्या सरी उकरून टाकीत, म्हणून अप्पांनी पीकराखणीचा परवाना काढला. ती दुनळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवली तो दिवस मला आजही दिसतो. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. मान वळवत नाहीस. तव्यावरची भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "ती घरात राहनार असंल तर एक ऐकून ठिवा. तिच्या तोंडानं जीव जायचा न्हाई."

"मंग डुकराला काय हात जोडू?" अप्पा विचारतात.

"आवाज काढा की. त्यालाबी कान हायत."

गळ्यातल्या लिंगाला हात लावून तू हे बोललीस, आणि अप्पांनी त्या बंदुकीतून जन्मभर आवाजाखेरीज काही काढले नाही. गावातले लोक हसत. आपण लिंगायत, म्हणून 'शरणांची बंदूक, नुसती खोकते' असे म्हणत. अप्पांच्या मागे परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा मीही हवेतच बार काढू लागलो. पण हवेत बार काढणाऱ्याचा नेम लागतही नाही आणि चुकतही नाही, आणि तेच मला सोसेना. मी तुझ्यापाशी तसे बोललो. पुढच्या बाजाराच्या दिवशी कुंभाराने बाजूला टाकलेल्या, कडेला किंचित तडकलेल्या येळण्या, म्हणजे मडक्यांवरची ती पसरट मातीची झाकणे, तू पाटीभर घेऊन आलीस. पाटी माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, "माती फोड. मातीला काय, ती पुन्हा मातीच व्हती."

तू बांधालगतच्या दगडांच्या ढिगामागे पूर्ण झाकून बसायचीस. मी अलीकडे, नांगरटीच्या कडेला उभा राहायचो. ढिगामागून तुझा आवाज यायचा, "टाकू का?" मी म्हणायचो, "व्हय!" परातीत भाकरी फिरवावी तसा मनगटाला हिसका देऊन तू येळणी भिरकावीत होतीस, आणि ती डावीकडे जाणार की उजवीकडे हे तू एकदाही कळू दिले नाहीस. एकदा मी वैतागून ओरडलो, "अव्वा, सरळ टाक की!" तू ढिगामागून उठलीस. पदर खोचलेला, हातात येळणी, कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली. "मी तुझी आई हाय, म्हनून तुझं ऐकीन. वारा कामून ऐकंल?" एवढे बोलून पुन्हा खाली बसलीस. त्यानंतर मी कोणत्याही मैदानावर थाळीबद्दल तक्रार केली नाही.

जी येळणी माझ्या हातून चुकायची आणि काळ्या नांगरटीत पडूनही अभंग राहायची, ती तू माझ्यासाठी दुसऱ्यांदा उडवीत नव्हतीस. मी उचलून आणली तर हातातून काढून घ्यायचीस. "होतु बिडु," म्हणायचीस. गेली ती गेली, सोड. "ही जिंकली. आता ही ताकावर झाकायची." खरोखरच झाकायचीस. काही काळाने आपल्या स्वयंपाकघरातली सगळी मडकी माझ्या चुकांनी झाकलेली होती, जेवायला बसलो की त्या ओळीने समोर असायच्या, आणि तू मुद्दाम विचारायचीस, "डावीकडची आठवती का? उंच गेलती ती." मी चिडायचो. आज त्या विनोदामागची कडक शिस्त मला कळते. माझा खांदा काळानिळा झालेला पाहून जुन्या वाकळेच्या चिंध्या भरून तू एक गादी शिवून दिलीस, बंदुकीचा दस्ता टेकायला. ती माझ्या खांद्यावर बांधताना म्हणालीस, "दुखायलंय तर सांग. दुखनं लपवलं की दुसरीकडनं निघतंय." मी म्हणालो, दुखत नाही.

तुला आपल्या रीतीप्रमाणे बसवून त्याच शेतात समाधी दिली, आणि त्यानंतर मी खऱ्या मैदानांवर जाऊ लागलो. तिथे जमिनीत खंदक असतो, खंदकात यंत्रे असतात, आणि नेमबाजाच्या आवाजाने ती सुटतात. शब्द कोणताही चालतो. बहुतेक जण इंग्रजीत 'पुल' असे ओरडतात, कोणी नुसतेच हुंकारतात. मी 'व्हय' म्हणतो. वर्गात 'व्हय' म्हणणाऱ्या मुलाला उभे करून 'होय' वदवून घेणारा मी, बंदूक खांद्याला लावली की दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. थाळी डांबर आणि चुन्याची असते, नारिंगी रंगाची. तिचा डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा तरी उडाला पाहिजे, नुसती धूळ उडून चालत नाही. या खेळाला येणारी माणसेही तुला आवडली असती. उसाचे बागाईतदार, बिदरच्या एक डॉक्टरीणबाई, वेणी टोपीत कोंबून येणारी कॉलेजातली मुलगी. वाऱ्याबद्दल, काडतुसांबद्दल ही माणसे तासन्‌तास बोलतील. स्वतःच्या नेमाबद्दल मात्र विचारले तर 'बघू' म्हणतील.

त्यांतच खजुरीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. मी त्यांना खजुरीकर म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात. भेटलो की ते 'जय भीम' म्हणतात, मी 'शरणु' म्हणतो, आणि मग चहा कोणी सांगायचा यावरून आम्ही भांडतो. त्यांना 'तुमी'ऐवजी 'तुम्ही' म्हणायला शिकवण्याचा नाद मी फार पूर्वी सोडला. इतकी वर्षे बरोबर खेळून त्यांना एकही पदक नव्हते. दर वेळी थोडक्यात राहायचे. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सकाळी बंदुका जोडताना ते म्हणाले, "ह्याच्यानंतर डोळा कापून घेनार नि बंदूक ठान्यात जमा करनार. शेवटचं हाय, गुरुजी. रिकाम्या हातानं घरी जायची सवय लागली, ती तेवढी मोडावी म्हनतो."

मला गेली काही वर्षे एक दोष जडला आहे. आमच्यात त्याला दचका म्हणतात. खांद्याने आयुष्यभर सोसलेले धक्के बोट लक्षात ठेवते, आणि एके दिवशी ऐन वेळी ओढायला नकार देते. डोळे थाळीवर असतात, नळी बरोबर चाललेली असते, मन 'आता' म्हणते. बोट अडते, सारे अंग पुढे हिसडते, आणि बार न उडताच थाळी निघून जाते. हा म्हाताऱ्या नेमबाजांचा रोग आहे आणि त्याचे नाव मैदानावर कोणी घेत नाही. एखादा दचकला की बाकीचे आपापल्या बुटांकडे बघतात. मग तो माणूस काडतुसाला, चष्म्याला, उन्हाला दोष देतो, आणि सगळे 'असेल, असेल' म्हणतात. मीही म्हटले आहे. तू म्हणाली होतीस ते दुसरीकडनं निघणारे दुखणे हेच असावे.

अखेरच्या फेरीत मी शेवटच्या जागेवर उभा आहे. खजुरीकर माझ्या शेजारच्या जागेवर, आपला बार आटोपून, नळी उघडी टाकून थांबलेले. मी 'व्हय' म्हणतो. थाळी डावीकडे निघते, वाऱ्यावर किंचित उचलली जाते, आणि माझे बोट अडते. नळीचे तोंड खाली झुकते. थाळी दूर गवतात जाऊन अलगद उतरते. आता नियम असा आहे की बंदुकीत किंवा काडतुसात बिघाड झाला तर नेमबाजाने ती न उघडता, नळी मैदानाकडेच रोखून, हात वर करायचा. पंच येऊन बंदूक हातात घेतो आणि चाप ओढतो. बार उडाला तर बिघाड नव्हता, थाळी चुकली. उडाला नाही तर थाळी पुन्हा मिळते. माझ्या बंदुकीत काहीही बिघाड नव्हता, हे मला माझ्या बोटाइतके ठाऊक होते. तरी मी हात वर केला.

पंच माझाच विद्यार्थी होता. शाळेत मी त्याला विभक्ती शिकवली, पुढे बंदूक धरायलाही शिकवली. आता त्याचेही केस पिकू लागले आहेत. "सर, सावकाश," म्हणत त्याने बंदूक माझ्या हातून घेतली आणि नळी मैदानाकडे धरली. मी त्याच्या अगदी जवळ होतो, म्हणून मला दिसले. त्याचे बोट चापावर नव्हते. चापाभोवती जे लोखंडी कडे असते, त्या कड्यावर त्याने बोट ठेवले आणि नख पांढरे पडेपर्यंत दाबले. बार उडाला नाही. "काडतूस खराब. थाळी पुन्हा," तो मोठ्याने म्हणाला. बंदूक उघडून त्याने ते चांगले काडतूस काढले आणि कोणाला न दाखवता खिशात टाकले. माझ्याकडे पाहिले नाही.

बंदूक परत हातात आली तेव्हा मला एवढेच म्हणायचे होते : 'काडतूस चांगले आहे, मी दचकलो.' शुद्ध, सोपे, दोन क्रियापदांचे वाक्य. याहून कितीतरी अवघड वाक्ये मी फळ्यावर सोडवून दाखवली आहेत. मी नवे काडतूस घातले. 'व्हय' म्हणालो. ती थाळी फुटून तिचा काळा ढग झाला, आणि मागून टाळ्या आल्या.

त्या एका थाळीने मी तिसरा आलो आणि खजुरीकर चौथे. बक्षीस समारंभात तर मी कहरच केला. प्रमाणपत्र हातात घेतले, आणि 'तृतीय' या शब्दातला दीर्घ 'ती' कन्नडात ऱ्हस्व छापलेला दिसला. मी तो संयोजकांना तिथल्या तिथे दाखवला. ते ओशाळले, दुरुस्त केलेली प्रत घरी पाठवू म्हणाले. मी मान डोलावली, अव्वा. जे प्रमाणपत्र मुळातच खोटे होते त्यातली वेलांटी मी सुधारून मागितली. नंतर चहाच्या टेबलापाशी माझा विद्यार्थी पाया पडायला वाकला आणि म्हणाला, "सर, वारा लई होता आज." तो माझ्या बुटांकडे बघत होता.

परतताना खजुरीकरांनी नेहमीप्रमाणे जीपची वाट वाकडी करून मला हुमनाबादला सोडले. गाडी त्यांचा पुतण्या चालवीत होता. खजुरीकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुरुजी, तुमची बंदूक लई शानी. बिघडायचं तवा बरुबर बिघडती."

"काडतूस खराब होते," मी म्हणालो.

"व्हय की. काडतुसाचं काय खरं हाय आजकाल."

पुतण्या हसला. खजुरीकर हसले नाहीत. घर आल्यावर माझी बंदुकीची पिशवी त्यांनी स्वतः उचलून दारापर्यंत आणून दिली, आणि जाताना म्हणाले, "येतो. काय बोलायचं असंल तर फोन करा." मी 'अवश्य' म्हणालो.

मी फोन केला नाही. मला एक कारण सापडले होते. मी खरे बोललो तर माझ्या विद्यार्थ्याचे पंचपद जाईल. त्याने माझ्या म्हातारपणावर दया केली आणि मी त्यालाच बुडवू काय? कारण खरे होते, म्हणूनच ते मला इतके सोयीचे होते. दिवाळी आली. सुनेने पदक दर्शनी कपाटात ठेवायचे म्हटले तेव्हा मी तिच्यावर रागावलो. ती बिचारी माझ्या साधेपणाचे कौतुक शेजारी सांगत सुटली. तूर फुलावर आली तेव्हा मला राहवेना. सकाळची बस धरून मी बसवकल्याणमार्गे खजुरीला गेलो.

खजुरीकर अंगणात बसून दाभणाने सोयाबीनची पोती शिवत होते. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांची बायको ओसरीवरून ओरडत होती, "डोळा कापून आनलाय नि धुळीत बसलाय! सांगा की वो गुरुजी, तुमचं तरी ऐकतील."

"तू च्या ठिव," ते म्हणाले. "गुरुजी काय डोळा बगायला आले न्हाईत."

ती आत गेली. मी घसा साफ केला. बसमध्ये सगळे बोलणे मनात नीट जुळवून ठेवले होते. "त्या दिवशी पंचाने माझी बंदूक हातात घेतली," मी सुरुवात केली, "आणि त्याने..."

"पंचाचं राहू द्या. हात कुनी वर केलता?"

"मी."

"मंग तितनं सुरू करा."

मी तिथून सुरू केले. फार थोडे बोलायचे होते. तरी बोलताना माझी मान वर होत नव्हती. ते पोते शिवत राहिले. माझे संपल्यावर त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "ठाऊक हाय," म्हणाले. "मी बाजूलाच व्हतो की. त्याचं बोट मलाबी दिसलं, आंधळ्या डोळ्यानं का व्हईना."

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमी बोलताव का बगायलो व्हतो. जीपमधी बोलताल वाटलं. मंग वाटलं, दिवाळीला बोलताल. दिवाळी बी गेली की वो, गुरुजी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला अधिक बरे वाटले असते.

मी खिशातून पदक काढले आणि त्यांच्यापुढे धरले. "हे तुमचे आहे."

त्यांनी ते घेतले. दाभण पोत्यात खोचून, दोन्ही हात धोतराला पुसून घेतले. काळा चष्मा कपाळावर चढवला, पदक नव्या डोळ्याजवळ नेले, मग लांब धरले. अंगठ्याने एकदा पुसले. आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, इकडं ये. तिसरा आलो मी!"

ती चहाची भांडी घेऊन बाहेर आली. "आता? लोकाची स्पर्धा होऊन किती दिस झाले!"

"निकाल उशिरा लागला," खजुरीकर म्हणाले, आणि माझ्या हातात कप दिला.

तिने पदक पदराने पुसून पाहिले, गळ्यात घालून पाहिले, मग त्यांच्या गळ्यात घातले. पुन्हा पोते शिवायला बसले तेव्हाही ते त्यांच्या गळ्यात होते. वाकले की पोत्यावर आपटायचे. मी चहा प्यालो. निघताना ते फाट्यापर्यंत सोबत आले. बस येईपर्यंत हवापाण्याचे बोलले, आणि बस थांबल्यावर म्हणाले, "त्या पोराला रागवू नका. पर एकदा सांगा त्याला. दया करायची तर चापावर बोट ठिवून कर म्हनावं."

ते मी अजून त्याला सांगितलेले नाही. सांगेन. आधी माझे मलाच पुरते उलगडायला हवे. खजुरीहून येताना मला हलके वाटायला हवे होते. खरे बोललो होतो, ज्याचे त्याला दिले होते. आणि तरी बसमध्ये मी रुसलेल्या मुलासारखा खिडकीशी बसलो होतो. का, हे मला त्या दिवशी कबूल करवेना. आज तुला लिहिताना करतो. सकाळी जाताना मी जे बोलणे जुळवले होते, त्यात खजुरीकरांचे बोलणेही मीच रचून ठेवले होते. ते माझा हात मागे सारतील. 'असू द्या गुरुजी, तुमच्याकडं काय नि माझ्याकडं काय' म्हणतील. मी आग्रह करीन, ते ऐकणार नाहीत, आणि मी निरुपायाने पदक खिशात घालून, वर त्यांच्या मनाचा मोठेपणा घेऊन घरी येईन. त्यांनी ते सरळ घेतले, आणि माझे सगळे सुंदर संवाद तोंडातच राहिले. जन्मभर जे त्यांच्या हातून थोडक्यात निसटले ते हातात आल्यावर त्या माणसाने खोटा नकार देऊन माझी सोय का पाहावी? एवढे साधे मला बसमध्ये सुचले नाही.

हे पत्र कोठे टाकायचे नाही. समाधीवर नेऊन वाचावे असे एकदा वाटले, पण मोठ्याने वाचताना मी ते सुधारत बसेन, आणि सुधारता सुधारता त्यातला मी जरा बरा दिसू लागेन. म्हणून घडी घालून ठेवतो आहे.

एकच राहिले. पदक मी रुमालात गुंडाळून नेले होते. त्याची निळ्या मखमलीची डबी घरीच ठेवली होती, कारण संध्याकाळी ते परत तिच्यात ठेवायचे आहे अशी माझी खात्री होती. ती डबी अजून माझ्याकडे आहे, अव्वा. खजुरीला नेऊन द्यायचे मी रोज ठरवतो.